निविदा निघण्याआधीचं काम
नवी वस्तू सरकारला विकू पाहणाऱ्या लहान उत्पादकांसाठी

समजा, गावाच्या पाण्याच्या टाकीत क्लोरिनची मात्रा आपोआप योग्य राखणारं एक छोटं यंत्र तुम्ही तयार केलं आहे. आज बहुतेक गावांत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजानेच बादलीत कालवून टाकीत सोडली जाते. पावसाळ्यात ती कधी जास्त पडते, तर कधी पावडरच संपलेली असते. पाण्यातला क्लोरिन तपासणाऱ्या ओटी चाचणीची नोंद वहीत करायची राहून जाते आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. तुमचं यंत्र या प्रश्नाला उत्तर देतं. सरपंचांनी ते पाहिलं आणि त्यांना आवडलंही. मग ग्रामपंचायत अधिकारी विचारतात, "कुठल्या हेडमधून घ्यायचं? दर कुठला लावायचा? आराखड्यात आहे का हे? आणि एकाच दरपत्रकावर कसं घेणार?"

या चार प्रश्नांची उत्तरं नसल्यामुळे कितीतरी चांगल्या वस्तू सातपूर, भोसरी, चिकलठाणा, बुटीबोरी, गोकुळ शिरगावच्या शेडमध्येच राहतात. उत्पादक म्हणतो, सरकारला नवं काही नकोच असतं. मला हे पूर्ण पटत नाही. सरकारी खरेदीत नव्या वस्तूसाठी वाट आहे, पण ती निविदा निघाल्यानंतर सापडत नाही. वस्तूचं भवितव्य त्याच्या कितीतरी आधी दोन ठिकाणी ठरतं: गरजेचं वर्णन कागदावर कसं उतरतं तिथे, आणि पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येणार हे पक्कं होतं तिथे. लहान उत्पादकाने आपली शक्ती या दोन ठिकाणी लावायला हवी. बहुतेक जण ती दर किती टाकायचा या एका प्रश्नावर खर्च करतात.

नियम काय म्हणतात

केंद्र सरकारची खाती सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे खरेदी करतात. महाराष्ट्र शासनाच्या खात्यांसाठी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीच्या कार्यपद्धतीची नियमपुस्तिका लागू झाली. त्यानंतर तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांच्या पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी विधेयक मात्र लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल ठरलं. म्हणून आपल्याकडचा बराचसा कारभार नियम, शासन निर्णय आणि परिपत्रकांवर चालतो. खरेदीच्या रकमेच्या मर्यादा वरचेवर बदलत असल्याने कोणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. ज्या कार्यालयाला विकायचं आहे, त्याला आज लागू असलेला शासन निर्णय स्वतः डाउनलोड करून वाचा. जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळ आणि केंद्रीय उपक्रम या प्रत्येकाची चौकट थोडी वेगळी असते.

केंद्राच्या या नियमांमधला १४४ क्रमांकाचा नियम प्रत्येक उत्पादकाने मुद्दाम वाचावा. खरेदी करायच्या वस्तूचं वर्णन वस्तुनिष्ठ, कार्यावर आधारित, सर्वसाधारण आणि मोजता येण्याजोगं असावं, त्यात विशिष्ट ब्रँडचं नाव नसावं, असं तो सांगतो. 'कार्यावर आधारित' या शब्दांतच नव्या वस्तूसाठी दार उघडं ठेवलेलं आहे. ते वापरायचं कसं, हे आता पाहू.

स्पेसिफिकेशन: खरी लढाई इथे असते

कार्यालयात एखादी वस्तू घ्यायची ठरली की सहसा मागच्या वर्षीची फाइल काढली जाते. त्यातलं स्पेसिफिकेशन उचलून तारीख बदलली जाते. मागच्या वर्षी टीसीएल पावडर घेतली होती, म्हणून यंदाही "टीसीएल पावडर, २५ किलोची गोणी, इतके नग" असंच लिहिलं जातं. अशा निविदेत तुमच्या यंत्राला जागाच नसते. दर कितीही कमी ठेवलात तरी तुम्ही त्या स्पर्धेत नाही.

म्हणून खात्याकडे जाताना वस्तूचं माहितीपत्रक घेऊन जाण्याआधी गरजेचं एक पान लिहून न्या. भारतीय मानक १०५०० प्रमाणे क्लोरिन टाकलेल्या पिण्याच्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असायला हवा. तिथूनच सुरुवात करा. "वितरण व्यवस्थेतल्या शेवटच्या नळावर मुक्त अवशिष्ट क्लोरिन दिवसातल्या कोणत्याही वेळी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असू नये. वीज गेली तरी मात्रा देणं ठरावीक तास सुरू राहावं. रोजची नोंद आपोआप साठवली जावी. बिघाड झाल्यास ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती व्हावी." या ओळींत तुमच्या कंपनीचं नाव नाही, पंपाचा प्रकार नाही, पेटंटही नाही. गावाला काय हवं आहे, तेवढंच आहे. हे पान खात्याच्या अभियंत्याला निविदेचा मसुदा करताना खरोखर उपयोगी पडतं, कारण त्याच्यासाठीही कोऱ्या कागदापासून सुरुवात करणं जिकिरीचं असतं.

इथे एक मोह आवरायला हवा. आपल्याच यंत्रात असलेली खास मापं किंवा विशिष्ट सेन्सर वर्णनात घुसवून बाकीच्यांना बाहेर ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी हमखास देईल. तो ऐकू नका. अशी निविदा तक्रारीत अडकते, लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप येतो आणि पुढची पाच वर्षं तो विभाग कुठल्याही नव्या वस्तूकडे ढुंकून पाहत नाही. एकच उत्पादक असल्याचं प्रमाणपत्र देऊन थेट खरेदी करण्याची सोय केंद्राच्या नियम १६६ मध्ये आहे, पण ती अपवादासाठी आहे. तुमच्यासारखंच काम वेगळ्या पद्धतीने करणारे आणखी दोन-तीन जण स्पर्धेत उतरू शकतील असं वर्णन असणं तुमच्याच फायद्याचं आहे. त्यामुळे अधिकाऱ्याचा हात सही करताना थरथरत नाही.

दुसरा मुद्दा किमतीच्या तुलनेचा. यंत्र २० हजारांचं आणि पावडरची गोणी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त, अशी थेट तुलना झाली तर तुम्ही हरलात. तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चाची व्हायला हवी: यंत्राची किंमत, रसायनाचा वापर, वीज, देखभाल, सुटे भाग आणि शेवटी भंगाराची किंमत. केंद्राच्या वस्तू खरेदीच्या नियमपुस्तिकेत पैशाच्या पुरेपूर मोबदल्याचा विचार करताना असा पूर्ण आयुष्याचा खर्च धरायला वाव दिला आहे. अट एकच: हिशेबाचं सूत्र निविदेतच छापलेलं असलं पाहिजे. दर उघडल्यावर कोणाला ते सुचलं, तर उपयोग नाही. म्हणून हा हिशेब एका तक्त्यात मांडून गरजेच्या पानाला जोडून द्या. त्यातले आकडे फुगवू नका. रसायनाच्या बचतीचा दावा खरा ठरला नाही तर पहिल्याच वर्षी तुमची पत जाते.

वर्णन बदललं की बाजार कसा बदलतो, याचं मोठं उदाहरण शहर बससेवेत दिसतं. पूर्वी परिवहन उपक्रम बस विकत घ्यायचे. विजेवरची बस महाग असल्याने त्या पद्धतीत ती आलीच नसती. मग उपक्रमांनी बसऐवजी 'किलोमीटर' विकत घ्यायला सुरुवात केली. बस पुरवठादाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची. उपक्रम धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देणार. २०२२ मध्ये केंद्राच्या कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस या कंपनीने दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांची मागणी एकत्र करून ५,४५० विजेवरच्या बसची निविदा याच तत्त्वावर काढली. मुंबईत बेस्टनेही भाडेतत्त्वावर बस घेतल्या. पण त्याची दुसरी बाजूही तिथेच दिसली. बेस्टच्या काही पुरवठादारांनी तोट्याचं कारण देत सेवा थांबवली आणि प्रवासी थांब्यांवर ताटकळले. देशभरातल्या परिवहन उपक्रमांची आर्थिक तब्येत पाहून पुरवठादार आणि बँका धास्तावल्या होत्या. त्यामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाला खास बसच्या पैशांची हमी देणारी योजना मंजूर करावी लागली. तिच्यासाठी ३,४३५ कोटी रुपयांची तरतूद आहे. गरजेचं वर्णन कितीही कल्पक असलं तरी पैसे वेळेवर मिळण्याची खात्री नसेल तर कल्पकता टिकत नाही, हे यातून शिकावं.

मागणी एकत्र करण्याची ताकद आपण एलईडी दिव्यांत पाहिली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीच्या घाऊक खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांच्या आसपास आला. ग्राहकाचं यात भलं झालं, याबद्दल मला शंका नाही. पण अशा प्रचंड निविदेत लहान उत्पादक टिकत नाही, हेही तितकंच खरं. तुमच्या वस्तूची राज्यपातळीवर एकच मोठी निविदा निघण्याची चर्चा सुरू असेल, तर जिल्हावार किंवा विभागवार भाग पाडण्याची लेखी मागणी आपल्या औद्योगिक संघटनेमार्फत वेळीच करा. निविदा प्रसिद्ध झाल्यावर ही मागणी कोणी ऐकत नाही.

पहिली संधी कुठे शोधायची

अनुभवाचा दाखला नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून दाखला नाही. या चक्रातून बाहेर पडायला काही खऱ्या वाटा आहेत.

महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्या स्टार्टअपना शासनाच्या विभागासोबत प्रायोगिक कामासाठी मर्यादित रकमेचा कार्यादेश मिळतो. २०१८ मध्ये हा उपक्रम सुरू झाला. रक्कम मोठी नाही, पण शासनाच्या लेटरहेडवरचा कार्यादेश ही लहान उद्योगासाठी फार मोलाची गोष्ट आहे. संरक्षण क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी एप्रिल २०१८ मध्ये आयडेक्स सुरू झालं. त्यात सैन्यदलं आपल्या अडचणी 'आव्हान' म्हणून मांडतात आणि निवडलेल्या स्टार्टअपला नमुना तयार करण्यासाठी मूळ योजनेत दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पुणे-नाशिकच्या अभियांत्रिकी उद्योगांनी याकडे गंभीरपणे पाहावं.

तिसरी वाट कमी लोकांना ठाऊक आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी काही निधी राखलेला असतो. प्रस्ताव संबंधित खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडून जिल्हा नियोजन समितीकडे जातो. म्हणजे तुम्ही थेट जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घालून फारसं हाती लागत नाही. आधी पाणीपुरवठा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला ती गरज पटली पाहिजे. ग्रामपंचायत पातळीवर वित्त आयोगाचा निधी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानातली ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिली होती. सुरुवातीच्या "कुठल्या हेडमधून?" या प्रश्नाचं उत्तर अशा ठिकाणी मिळतं. चालू वर्षाचे निकष पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या.

प्रायोगिक काम मिळालं की खरा धोका सुरू होतो. सहा महिने यंत्र उत्तम चालतं, फोटो निघतात, वर्तमानपत्रात बातमी येते आणि पुढे काहीच होत नाही. प्रयोग यशस्वी झाला म्हणून खातं तुमच्याकडूनच पुढची खरेदी करू शकत नाही. त्यासाठी नव्याने स्पर्धा व्हावीच लागते. म्हणून प्रयोगातून कागद बाहेर पडतील याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करा. यंत्र बसवण्याआधीच्या किमान एका महिन्याच्या क्लोरिनच्या नोंदी घ्या, नाहीतर फरक दाखवायला आधीचा आकडाच नसेल. नमुने सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. तुमच्या स्वतःच्या चाचणीला निविदेत किंमत नाही. काम संपल्यावर समाधानकारक कामाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर जावक क्रमांक, तारीख, कार्यादेशाचा संदर्भ आणि रक्कम असायलाच हवी. "यंत्र छान चाललं" एवढं लिहिलेलं पत्र तांत्रिक छाननीत बाद होतं. अधिकाऱ्याची बदली व्हायच्या आत हे प्रमाणपत्र हातात पडलं पाहिजे.

प्रयोग फुकट करून देऊ नका, असंही माझं आग्रहाचं सांगणं आहे. रक्कम नाममात्र असली तरी चालेल, पण पुरवठा आदेश आणि देयक असू द्या. फुकट बसवलेल्या यंत्राचा अनुभव पुढच्या निविदेत अनुभव म्हणून धरला जाण्याची शक्यता फार कमी असते.

सवलती: कोणत्या लागू, कोणत्या नाहीत

उद्यम नोंदणी आधी करा. ती ऑनलाइन आणि निःशुल्क आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची असते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के उपउद्दिष्ट आहे. ३५८ वस्तू फक्त या उद्योगांसाठी राखीव आहेत. निविदेचा संच मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल आणि तो कमी दर सूक्ष्म किंवा लघु नसलेल्या उद्योगाचा असेल, तर त्याच दराने काही भाग पुरवण्याची संधी तुम्हाला दिली जाते. मान्यताप्राप्त स्टार्टअपना आधीची उलाढाल आणि अनुभव या अटींतून सूट देता येते, मात्र गुणवत्तेच्या आणि तांत्रिक निकषांत नाही.

आता जिथे लोक फसतात ते पाहा. ही सवलत स्वतः उत्पादन करणाऱ्यांना किंवा सेवा देणाऱ्यांना आहे. माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. बयाणा माफ असला तरी काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव भरावीच लागते, तेव्हा बँक गॅरंटीची तजवीज आधी करून ठेवा. केंद्राची सवलत राज्याच्या किंवा महापालिकेच्या निविदेत आपोआप लागू होत नाही. निविदेच्या अटींत ती लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. आणि सवलत मागितली पण प्रमाणपत्र योग्य जागी अपलोड केलं नाही, तर लिफाफा पहिल्याच टप्प्यावर बाद होतो.

जेम आणि महाटेंडर्स

केंद्राची बहुतांश नेहमीची खरेदी आता जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर होते. ऑगस्ट २०१६ मध्ये ते सुरू झालं आणि २०२४-२५ मध्ये त्यावरची उलाढाल ५ लाख कोटींच्या पुढे गेली. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ही ब्रिटिश काळापासूनची यंत्रणा २०१७ मध्ये बंद झाली, ती यामुळेच. लहान रकमेची खरेदी थेट, मधल्या रकमेची निरनिराळ्या उत्पादकांच्या दरांची तुलना करून, आणि त्यावरची बोली मागवून होते. मालाची पावती व स्वीकृती खरेदीदाराने ऑनलाइन द्यायची असते आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे देण्याची अट आहे. नव्या वस्तूची इथली अडचण म्हणजे 'कॅटेगरी'. तुमची वस्तू बसेल अशी कॅटेगरीच नसेल तर ती कोणाला दिसत नाही. स्टार्टअपसाठी जेमवर वेगळा विभाग आहे, आणि नवी कॅटेगरी सुचवण्याची सोयही आहे. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून मागणी यायच्या आधीच अर्ज करा.

राज्याच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर असतात. डिजिटल सहीची मुदत, पॅन आणि जीएसटीवरचं नाव अक्षरशः सारखं असणं, फाइलचा आकार या बाबी आठवडाभर आधी तपासा. शेवटच्या तासाला सर्व्हर मंद झाला, ही सबब कुठेही ऐकली जात नाही. शुद्धिपत्रक निघालं का, हे शेवटच्या दिवसापर्यंत रोज पाहा.

एखादी अट अन्यायाची वाटत असेल तर ती निविदापूर्व बैठकीत किंवा दिलेल्या मुदतीत लेखी मांडा. निकाल लागल्यावर न्यायालयात जाण्याचा भरवसा धरू नका. टाटा सेल्युलर खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायालय निर्णयापर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया तपासतं, निर्णयाच्या गुणवत्तेत शिरत नाही. नागपूर मेट्रोच्या निविदेवरून २०१६ मध्ये झालेल्या अॅफकॉन्स खटल्यात, निविदेचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार ती तयार करणाऱ्याचाच, असं त्या न्यायालयाने म्हटलं. तुलनात्मक तक्ता मिळवायचा असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. तो पुढच्या निविदेचा अभ्यास म्हणून उपयोगी पडतो.

आणि एक गोष्ट ठाम सांगतो. तीन निविदा पूर्ण व्हाव्यात म्हणून "आमच्यासाठी एक साथ द्या, जास्त दर टाका" असं कोणी म्हणालं तर नकार द्या. ही बोलीतली संगनमताची लबाडी आहे. स्पर्धा कायद्याखाली तिच्यावर कारवाई होते आणि काळ्या यादीत नाव गेलं की उद्योगच संपतो. एकच निविदा आली म्हणून ती रद्दच करावी लागते, असंही नाही. केंद्राच्या नियम १७३ प्रमाणे स्पर्धा पुरेशी होती का हे फक्त निविदांच्या संख्येवरून ठरवायचं नसतं.

पैसे: दर भरण्याआधी विचारायचे प्रश्न

२०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी महाराष्ट्रभर कंत्राटदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. जलजीवन मिशनपासून रस्त्यांपर्यंत अनेक कामांची बिलं अडकली होती. लहान उत्पादकासाठी हाच सर्वांत मोठा धोका आहे, आणि नावीन्याचा खरा शत्रूही हाच आहे, असं मला वाटतं. मोठा ठेकेदार दीड वर्ष थांबू शकतो. १२ कामगारांची शेड चालवणारा तीन महिनेही थांबू शकत नाही.

म्हणून निविदा भरण्याआधी विचारा: प्रशासकीय मान्यता झाली आहे का? निधी कुठल्या लेखाशीर्षातला आहे? तो प्रत्यक्ष वितरित झाला आहे, की नुसतीच तरतूद आहे? देयकासोबत कोणकोणती कागदपत्रं लागतील आणि स्वीकृती कोण देणार? जिल्हा परिषदेत हे प्रश्न विचारण्यात गैर काहीही नाही, आणि नीट चालवलेल्या कार्यालयात उत्तरंही मिळतात. मार्च महिन्यातला पुरवठा आदेश दिसायला आकर्षक असतो. पण ३१ तारखेच्या आत माल पोहोचून, तपासणी होऊन, देयक कोषागारात गेलं नाही तर रक्कम पुढच्या वर्षाच्या रांगेत जाते. पोटकंत्राटदार म्हणून काम घेत असाल तर तुमचा करार मुख्य कंत्राटदाराशी आहे, शासनाशी नाही. शासनाकडे तुमच्या नावाचं देयकच नसतं. तो करार लेखी, मुदतीसह आणि टप्प्याटप्प्याने पैसे मिळतील असा करा.

कायदा तुमच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी खातंही या कायद्याच्या अर्थाने खरेदीदार आहे. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती या कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. परिषदेने तुमच्या बाजूने निवाडा दिला आणि खरेदीदाराला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.

पण कागद हवेत. माल दिला त्याच दिवशी चलनाच्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. ४५ दिवस तिथून मोजले जातात. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असावी, कारण नंतरच्या नोंदणीवरून न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. तेव्हा तुमच्या आदेशात यंत्राच्या पुरवठ्याबरोबर ओटा बांधणं, पाइप टाकणं असं काम मिसळलेलं असेल तर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या. शक्य तिथे पुरवठ्याचा आदेश वेगळा मागा.

आणि खर्चापेक्षा कमी दर टाकून काम घेऊ नका. "पहिलं काम तोट्यात, पुढची फायद्यात" हा हिशेब सरकारी खरेदीत सहसा जुळत नाही, कारण पुढच्या वेळी तुमचा हाच दर आधार म्हणून पुढे ठेवला जातो.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना

हा लेख तुमच्याही हातात पडावा अशी माझी इच्छा आहे. नवी वस्तू घेताना लेखाआक्षेपाची भीती वाटते आणि ती खोटी नाही. पण आक्षेप बहुतेकदा कारण न लिहिल्यामुळे येतो. सर्वांत कमी दर का नाकारला, कार्यावर आधारित वर्णन का निवडलं, बाजारात कोणाकोणाकडे चौकशी केली, हे त्याच वेळी टिप्पणीत लिहून ठेवा. सेवांच्या आणि कामांच्या बाबतीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा केंद्राने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत दिली आहे. त्यासाठी ती खरेदी 'गुणवत्ताप्रधान' म्हणून आधी घोषित करावी लागते. त्याच सूचनांत चालू देयकाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत देण्यास सांगितलं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये आलेल्या कलम १७-अ मुळे अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीआधी मंजुरीची अटही आली. सद्भावनेने घेतलेल्या आणि कागदावर उतरवलेल्या निर्णयाला आज पूर्वीपेक्षा जास्त आधार आहे. तो आधार घ्या, आणि माल स्वीकारल्यावर देयक टेबलावर पडून राहू देऊ नका.

उत्पादकांना आता तारखा सांगतो. ग्रामपंचायतींच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. जिल्हा वार्षिक योजनेचे प्रारूप आराखडे हिवाळ्यात तयार होतात. तुमचं गरजेचं एक पान, पाच वर्षांच्या खर्चाचा तक्ता आणि प्रयोगशाळेचा अहवाल सप्टेंबरअखेर ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत आणि पाणीपुरवठा विभागात पोहोचवा, प्रत्येक ठिकाणी आवक शिक्क्याची प्रत घ्या आणि ग्रामसभेत स्वतः हजर राहा.